सुपाच्या सावलीतून

लाडाच्या रेखे,

आज आखाजी, आपली अक्षय्य तृतीया. सगळ्या लेकी माहेरी आल्या. तूही आलीस, पण पितरांच्या रांगेतली घागर होऊन. आप्पांनी प्रकाशा गावचा बाजार पालथा घालून सर्वांत मोठं खरबूज, आपलं डांगर, आणलं आणि तुझ्या घागरीवर ठेवलं. आईच्या घागरीवर त्याहून लहान. तेव्हाच ठरवलं, हिला लिहायचंच. मेल्यावरही पहिला नंबर सोडत नाहीस!

गेल्या आखाजीला तू बंगळूरहून आलीस आणि आईच्या घागरीपुढे सूप उभं केलंस, आठवतं? अणुभट्टीवर चालणारं यान आप्पांना समजावत होतीस. ते एका खेपेत वर जात नाही, तुकडे नेऊन कक्षेतच जोडायचे. घागर म्हणजे भट्टी, सूप म्हणजे ढाल. जोडताना भट्टी थंड असते. पण एकदा पेटली, की विझवल्यावरही किरणोत्सर्गामुळे जवळ जायची सोय नाही. दुरुस्तीला यंत्राचा हात धाडायचा, तोही ढालीच्या सावलीतूनच. तो हात तू आखत होतीस. आप्पांचं तोंड कौतुकाने उघडंच राहिलं होतं!

मी मागे सांजोऱ्या तळत होते. मला कुणी काही विचारलं का गं? शहाद्याहून दर आठवड्याला मी येते, त्यांच्या गोळ्या, त्यांची पथ्यं मी बघते. आणि मला दारात बघून त्यांचा पहिला प्रश्न, "रेखाना फोन उना का?" जळफळाट व्हायचा माझा. अजून होतो, खोटं कशाला सांगू?

आणि तू! दुसऱ्यांसाठी ढालीच्या सावलीतल्या वाटा आखल्यास आणि स्वतःचा ताप अंगावर काढलास, त्यातच गेलीस. एक फोन करायचास ना मला. भांडत भांडत का होईना, आले असते.

आज आप्पांनी तुझ्या घागरीपुढे सूप लावलं. येईल त्याला सुपाच्या बाजूनेच यायला लावत होते. काका हसले. माझं डोकं फिरलं, पाण्याचा तांब्या घेऊन मी मुद्दाम दुसऱ्या बाजूने गेले. आप्पांनी माझं मनगट धरलं.

"तठून नको, मंगल. एक पोर गयी मन्ही. तू सावलीमाच ऱ्हाय."

इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं मला. मिळालं, तेही तुझ्याच शब्दांत! रडू आलं, आणि तुझा रागही आला.

बरं, ऐक. पुढच्या आखाजीलाही तुझ्या घागरीचं पाणी मीच आणीन, आणि सुपाच्या बाजूनेच येईन. डांगर मात्र मी निवडणार. लहानातलं लहान.

तुझ्यावर अजून जळणारी,
मंगलताई