शेळीने खाल्लेली खूण

वादी कबीर, मस्कत
९ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. कुंदावन्संना,
कल्पनाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलायला सुचत नाही. कागदावर लिहायचं आणि त्याचा फोटो पाठवायचा, ही तुमच्या सईची युक्ती आपल्याला चांगलीच मानवली आहे.

मी बरी आहे. शाळेतल्या प्रयोगशाळेत दिवस निघून जातो. पुढच्या महिन्यात ह्यांना जाऊन वर्ष होईल. ह्यांचं सगळं सामान आवरून झालं, फक्त ते यंत्र राहिलं. जमिनीखालचा धातू ओळखणारं, लांब दांड्याला खाली थाळी असलेलं. निवृत्त झाल्यावर परवाना काढून सोनं शोधायचं, म्हणून हौसेने घेतलेलं. दर शुक्रवारी घेऊन जायचे. मिळालं काय, तर बाटल्यांची झाकणं, तंबूच्या खुंट्या आणि एक चमचा. सगळं बरणीत आहे. उलट यंत्र घेतलं त्याच हिवाळ्यात ह्यांची साखरपुड्याची अंगठी कुरूमच्या समुद्रात पोहताना गेली.

यंत्र विकायचं म्हणून जाफरभाईंना बोलावलं. ते रत्नागिरीचे, आमच्या इमारतीखाली त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. शुक्रवारचे ह्यांचे जोडीदार तेच. ते म्हणाले, वैनी, विकायचा तर विका, पण एकदा चालवून तर बघा. मग काल ते, त्यांची बायको रुबिना आणि मी अम्मारच्या खजुराच्या बागेत गेलो. अम्मार ह्यांच्या ऑफिसातला, बाग रुस्ताकच्या बाजूला. तिथे सराव करायला त्याची परवानगी आहे.

जाफरभाईंनी आधी बांगड्या काढायला सांगितल्या, कारण यंत्र त्यांनाच ओरडतं. मी क्षणभर थांबले. गेल्या वर्षी त्या बायका मला बांगड्या काढ म्हणाल्या, तेव्हा तुम्ही त्यांना दार दाखवलं होतंत. त्या दिवशी न काढलेल्या बांगड्या काल रुबिनाच्या पर्समध्ये गेल्या. तुम्हाला सांगावंसं वाटलं.

दिवसभरात भरपूर खिळे मिळाले. मजा आली, हे लिहिताना थोडा संकोच वाटतो.

सईच्या मंगळसूत्रासाठी तुम्ही मागितलेली माझी सासरची वाटी मी सरातून सोडवून ठेवली आहे. पण वन्सं, माझी वाटी नव्या नवरीच्या गळ्यात चालेल का? एकदा विचार करा.

माया आहेच, ती तशीच ठेवावी.
कल्पना


पुणे
१२ नोव्हेंबर

चि. कल्पनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विचार केला. चालेल. आईने स्वतःच्या पाटल्या मोडून तुझी ती वाटी केली होती. सई आजीच्या सोन्यासाठी हटून बसली आहे. होणाऱ्या विहीणबाईंना, कौशिकच्या आईला, मी स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या, आजीचं सोनं नातीकडे येतंय, यात विचारायचं काय? बाकी लोक काय म्हणतील म्हणशील, तर मला हल्ली ऐकू येत नाही हे एक सुखच आहे.

आमच्या शेजारचा निशांत एक डिसेंबरला मस्कतहून पुण्याला निघतो आहे. त्याच्याकडे दे. सोनार घाई करतो आहे.

यंत्र मात्र विकू नकोस. शिऱ्याला घरातली कात्री कधी सापडली नाही आणि निघाला होता सोनं शोधायला! निदान तुला तरी काही सापडू दे. आणि मजा आली तर संकोच कसला? मला तर वाचून बरं वाटलं.

जेवत जा वेळेवर. तब्येतीचं खरं खरं लिही.
तुझी
कुंदाताई


वादी कबीर
१६ नोव्हेंबर

ती. सौ. कुंदावन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला हात उठत नाही. वाटी हरवली.

झालं असं. यंत्र लोखंडाला मोठ्याने ओरडतं, पण सोन्याचा आवाज कळत नव्हता. जाफरभाई म्हणाले, आपलंच सोनं पुरून त्याचा आवाज कानात बसवायचा. त्यांच्या अंगावर सोनं नाही. रुबिनाने स्वतःचं द्यायला साफ नकार दिला, आणि ती शहाणी. माझ्या बांगड्यांना तर यंत्र लोखंडासारखंच ओरडतं. आदल्या दिवशी रुवीच्या सोनाराकडून वाटी साफ करून आणली होती, ती माझ्या पर्समध्येच होती. दोन बोटं खोल पुरली आणि खुणेला एक काटकी रोवली. आवाज आला, अगदी बारीक, शेजारच्या खोलीत कुणीतरी हळूच खाकरल्यासारखा. मला इतका आनंद झाला की तशीच पुरलेली ठेवून आम्ही जेवायला बसलो.

परत आलो तर अम्मारच्या आईची, आमिनाखालांची, शेळी ती काटकी चघळत होती. तिथले सगळे वाफे एकसारखे दिसतात. संध्याकाळपर्यंत शोधलं. शेळीनेच वाटी गिळली, असं म्हणून जाफरभाईंनी तिच्या पोटावरून यंत्र फिरवलं. ते जोरात वाजलं. त्यांनी दोन्ही हात वर केले. मग रुबिनाने शेळीच्या गळ्यातली घंटा दाखवली.

तेव्हा मीही हसले, पण घरी आल्यावर काही सुचेना. माझ्या दुसऱ्या सोन्यातून नवी वाटी करून देईन. पण ती आईंची नसेल. चूक सर्वस्वी माझी आहे.

रागवावं, पण पत्र लिहावं.
कल्पना


पुणे
१८ नोव्हेंबर

चि. कल्पनास,
अनेक आशीर्वाद.

सईला यातलं काही कळू देणार नाही, असं लिहिणार होते. पण पत्र येतं तिच्याच फोनवर. तिने माझ्याआधी वाचलं आणि शेळीपाशी येऊन हसत बसली. तिचा निरोप असा की मामीने नवी वाटी करायची नाही, हरवलेली शोधायची.

मीही तेच म्हणते. अगं, शिऱ्या अखंड बोलायचा आणि तू ऐकायचीस. त्याला बारीक आवाज ऐकू येणार कसा? त्यासाठी आधी गप्प बसावं लागतं. ते तुला जमतं. त्या जाफरला मात्र लांब बसव.

राग बिग काही नाही. काळजी आहे, ती वाटीची नव्हे.
कुंदाताई


वादी कबीर
२३ नोव्हेंबर

ती. सौ. कुंदावन्संना,
सा. न. वि. वि.

काल तुमचं ऐकलं. जाफरभाईंना गाडीत बसवलं आणि रुबिनाला त्यांच्यावर लक्ष ठेवायला. मी जमिनीवर दोरी ताणून एकेक वाफा सावकाश तपासत गेले. दुपारी तो बारीक आवाज आला. उलट बाजूने फिरवलं, तरी तिथेच. उकरत गेले, तर वीतभर खोल गेलं तरी काही नाही. एवढं खोल तर मी पुरलंच नव्हतं. मग हाताला लागली ती अंगठी. आत ‘कल्पना’ कोरलेलं.

मी ती तळहातावर घेऊन गाडीपाशी गेले. जाफरभाई स्टिअरिंगकडे बघत राहिले. मग म्हणाले, वैनी, शिरीषभाईंनी शपथ घातलेली. त्यांनीही आवाज ओळखायला अंगठीच पुरली होती आणि त्यांनाही जागा सापडली नाही. कुरूमचा समुद्र नंतर सुचलेला. अम्मारने यंदा तिथला मातीचा वरंबा काढला, म्हणून ती यंत्राच्या टप्प्यात आली.

आणि वन्सं, ते शुक्रवार सोन्यासाठी नव्हतेच. त्यानंतरचा प्रत्येक शुक्रवार ह्यांनी त्याच बागेत काढला, ती अंगठी शोधत. घरी आले की मी हव्यास म्हणून टाकून बोलायचे आणि हे मुकाट्याने पाय धुवायला जायचे. जन्मभर बोलत आले, पण एवढी एकच गोष्ट पोटात ठेवली.

 मग एकदम हसू आलं, इतकं की शेळी उठून निघून गेली. थोडं रडलेही. रुबिनाने पाणी दिलं.

वाटीही मिळाली. दोन वाफे पलीकडे, दोन बोटं खोल, जशीच्या तशी. आता निशांतकडे देते आहे. सईला सांगावं, वाटीला एक नवा ओरखडा आहे, तो सोनाराला घासू देऊ नको.

यंत्र विकत नाही. पुढच्या शुक्रवारीही जाणार आहोत. अंगठी माझ्या अंगठ्यात बसते. यंत्र हातात घेताना आता बांगड्यांबरोबर तीही काढावी लागते. जाफरभाईंनी सांभाळायला हात पुढे केला होता. मी ती रुबिनाकडे दिली.

लग्नाला येते आहे. तोवर माया पत्रातून येत राहावी.
तुमची
कल्पना