दाराएवढं अंतर

आधी घडलेलं, क्रमाने:

१. बाबांनी एका बंद पडलेल्या गॅरेजमधून अंड्याच्या आकाराची जुनी गाडी आणली. पुढे दोन चाकं, मागे एक. दार एकच, तेही नाकावर. मागे जाण्याचा गियर नाही.
२. ताई आणि मी त्या गाडीत वाढलो.
३. ताईचं लग्न झालं. पुढे बाबा वारले.
४. ताईचं आणि माझं बोलणं थांबलं. अजून थांबलेलं आहे.
५. एकोणीस तारखेला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत.

म्हणून मी, वय बत्तीस, अविवाहित, कारखान्यांतल्या पंपांची कंपनं मोजून बिघाड शोधणारी अभियंता, माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय व्हावं ते इथे लिहिते. डोकं ठिकाणावर आहे; तक्रार फक्त झडपेची आहे. माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. दबाव आणण्याइतकं जवळ कुणी राहतही नाही.

कलम १. राहतं घर निम्मं ताईचं आहेच. माझं निम्मंही तिला.

कलम २. बँकेतल्या ठेवी भाचीच्या शिक्षणासाठी. तिने यंत्रांतलंच काही शिकावं ही अट नाही, इच्छा आहे.

कलम ३. कंपनमापक माझ्या कामावरच्या मैत्रिणीला. ती तो न विचारता नेतेच. आता न विचारता ठेवून घ्यावा.

कलम ४. शेजारच्या शिंपीकाकांना मला कात्र्यांचा मोठा संच द्यायचा होता. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. काका म्हणाले, "मग चहा आत्ताच पाज." पाजला.

कलम ५. गाडी. इथे थोडं सविस्तर लिहावं लागेल.

बाबा लेथवर काम करायचे. मापात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण गाडीचं कापडी छत गळतं म्हणून त्यांनी त्याजागी पत्रा ठोकला, आणि त्याच संध्याकाळी शेडच्या भिंतीला नाक टेकवून गाडी उभी केली. दार उघडेना. मागे जाता येईना. एरवी कापडी छत मागे सारून वरून निघालो असतो. बाबा आणि ताई पुढे, मी त्यांच्या पाठीमागच्या फळीवर, आणि तिघांत मिळून एक हॉर्न. शिंपीकाका आले, चारी बाजूंनी पाहून म्हणाले, "गाडीत बसलात, की गाडी घातलीत?" मग मागून धरून त्यांनी आम्हाला ओढून काढलं. हसून हसून बाबांना उतरता येईना.

दुसऱ्या दिवशी काकांनी नवं कापडी छत शिवलं. बाबांनी शेडच्या जमिनीवर पांढरी रेघ मारली: पुढची चाकं इथे थांबवायची, म्हणजे भिंतीपर्यंत दाराएवढं अंतर राहतं. तेव्हापासून बाबा नुसतं "मागे" म्हणाले की ताई उतरायची आणि गाडी ओढायची. मी फळीवरून मागच्या काचेतून तिच्याकडे बघायचे. तिचं तोंड लाल व्हायचं आणि ती मला वेडावून दाखवायची. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलाचा वास आला की मला आजही आधी ते तोंड दिसतं.

बाबा गेल्यावर घर आवरताना भावजी म्हणाले, हा डबा भंगारात दिला तर शेड मोकळी होईल. ताई हसली. मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "अगं, गाडी आहे ती. बाबा नव्हेत." वाक्यात चूक काहीच नव्हती. त्यानंतर मी तिचे फोन घेतले नाहीत आणि काही काळाने ते यायचे थांबले. भावजींवरचा राग मी कुणाच्याही नावे करत नाही. तो माझ्याबरोबर संपावा.

गाडी मी चालवत राहिले. शेडची मागची भिंत काढून तिथे दुसरं दार बसवलं. एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. ओढायला कुणी लागत नाही. रेघेचं आता काही काम नाही. दरवर्षी तिला रंग मात्र देते. जिथे वळायला जागा नाही तिथे मी जात नाही. सपाटीवर एकटीने ढकलता यायची; डॉक्टरांनी आता तेही बंद केलं आहे.

ताईची गल्ली उतरती आहे. शेवटी भिंत, भिंतीच्या अलीकडे तिचं फाटक. एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेले होते. दोरीवर भाचीचा गणवेश वाळत होता. इंजिन चालू ठेवून पाहिलं आणि सरळ पुढे निघून गेले.

गाडी ताईला. ती विकणार असेल तर विको, पण आधी भाचीला फळीवर बसवून एक फेरी मारावी. मग विकणं जमतं का पाहावं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर त्यावर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: लिहिणारी
साक्षीदार: १. शिंपीकाका (सही चष्मा लावून केली) २. वकीलबाई
ठिकाण: राहतं घर, शेडकडची खोली
दिनांक: ४ मार्च

एक प्रत ताईला, सोबत हे:

ताई, वरचं सगळं मी नसले तर. मी असताना एवढंच: रविवारी, दहा तारखेला सकाळी, गाडी घेऊन तुझ्या गल्लीत यायचा विचार आहे. फाटकापर्यंत आले की मला एकटीला परत निघता येणार नाही. तू बाहेर येऊन मागून ओढशील का? शनिवार, नऊ तारखेपर्यंत कळव. फोन मी घेईन.