सुझानाच्या प्रयोगाला माझी दाढ

७ जानेवारी १९९५, शनिवार
अक्कलदाढ काढली. डॉक्टर उत्तरा म्हणाली, गर्ट्रूड मॅडम, हूं की चूं केलं नाहीत! म्हटलं, मी कॉन्व्हेंटची. तिथे रडायची परवानगी नव्हती.
माझ्या दिवंगत भावाची मुलगी सुझाना बर्फाचा थर्मास घेऊन हजर. डेंटल कॉलेजात तिची पीएच.डी. दाताच्या आतल्या मऊ गरातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या आणि दात घडवताना त्या कोणती प्रोटीन्स बनवतात ते बघायचं. एरवी विशीतल्या मुलांच्या दाढा घेतो म्हणाली. म्हटलं, माझी घे. लगेच कबूल! जाणकार मुलगी. वर्तकनगरला घरी सोडलं, संध्याकाळपर्यंत बसली. पेशींची खबर द्यायला येईन म्हणाली. म्हणजे दर रविवारी.

१५ जानेवारी, रविवार
आली नाही. नाजूक पेशी सोडून कशी येणार?

२२ जानेवारी, रविवार
आली नाही.

२३ जानेवारी
लॅबमध्ये फोन केला. मागे कोणीतरी खिदळत होतं. हे संशोधन! सुझाना म्हणाली, आंटी, बरं चाललंय, नंतर बोलते. बरं म्हणजे पेशी वाढताहेत. त्यांनी दातासारखे कठीण दाणे धरले की रंग घातल्यावर लाल दिसतात म्हणे. माझे लालभडक असणार. खालच्या हौसाबाईंना सांगितलं. म्हणाल्या, गेलेल्या दाढेचं बारसं घालताय की काय? अडाणी बाई. चहा घ्या म्हटलं, थांबल्या नाहीत.

१२ फेब्रुवारी, रविवार
यापुढे आपण फोन करायचा नाही. स्वाभिमान म्हणून काही आहे.

१३ फेब्रुवारी
फोन केला. शिपाई पंढरी म्हणाला, मॅडम बिझी आहेत. त्याला माझ्या पेशींबद्दल विचारलं. ओ बाई, मी फक्त फोन उचलतो, म्हणाला. उद्धट.

२५ फेब्रुवारी
उलगडा झाला. एका दाढेने त्यांचं भागत नसणार. दुसरी द्यावी. उत्तराकडे गेले. ती म्हणते, ठणठणीत आहे हो, सुपारी फुटेल! रात्रभर ठणकते म्हटलं. अगदीच खोटं नाही. रात्री काहीतरी ठणकतंच. तरी काढेना. हल्लीच्या डॉक्टरांना पेशंटची किंमत नाही.

४ मार्च, शनिवार
कल्याणच्या एका डॉक्टरने फार चौकशा न करता काढून दिली. सद्‌गृहस्थ. दाढ गार दुधात ठेवली. सुझानाला फोन केला, थर्मास घेऊन ये. ती गप्पच झाली. आनंदाने.

५ मार्च, रविवार
सुझाना आली. थर्मास नव्हता. आल्या आल्या ओरडली, आंटी, वेडी आहेस का तू? चांगली दाढ? मग रडली. म्हणाली, तुझ्या पहिल्या दाढेत गर उरलाच नव्हता गं, वयाने आतली पोकळीच भरून गेलेली. एक पेशी वाढली नाही. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, आणि मग फोनवर यायलाच नको वाटायचं. मला बोलवायचं होतं, तर नुसतं ये म्हणायचंस.
म्हटलं, नुसतं ये म्हटल्यावर कोण येतं?
जाताना तिने दारात विचारलं, पुढच्या रविवारी येऊ?
सवड नाही म्हटलं.
बुधवारी कल्याणला जखम दाखवायची आहे. बाकी आठवडा मोकळा.