ओट्यावर तुम्ही वाचलेला लेख

अमरावती,
मंगळवार

गुरुजी,

पत्राच्या माथ्यावर आधी नमस्कार लिहावा, हे तुम्हीच शिकवलंत. आज तो लिहायला हात धजत नाही. आधी सांगायचं ते सांगतो. मग तुम्हीच ठरवा, माझा नमस्कार घ्यायचा की नाही.

काल शांताचं कार्ड आलं. तुम्हाला जाऊन आठ दिवस झाले आणि मला कळलं ते कार्डावरून! तिनं लिहिलं आहे, "रविवारी शाळेत सभा आहे. बाबांवर दोन शब्द लिहून पाठवा. तुमच्याइतकं त्यांना कोणी ओळखत नव्हतं. पेपर आला की बाबा आधी तुमचा लेख काढायचे."

दोन शब्द! वीस वर्षं मी दुसरं काय करत आलो? छापखान्याचा माणूस दारात उभा असताना किती जणांवर दोन शब्द लिहिले असतील! तुमच्यावरचे अर्ध्या तासात झाले. ज्ञानदान, साधी राहणी, निःस्पृह सेवा, सगळं जागच्या जागी. एकही खोटं वाक्य नव्हतं. पुन्हा वाचून पाहिलं तर त्यात तुम्ही कुठंच नव्हतात, आणि मी तर मुळीच नव्हतो. तो कागद बाजूला ठेवला आणि हा घेतला.

तो उन्हाळा आठवतो ना? कॉलेजचं पहिलं वर्ष आटोपून मी रोहिणखेडला आलो होतो. एका सकाळी तुम्ही आमच्या दारात आलात. पिवळा पटका, सुतळीनं बांधलेली छत्री. वडिलांना वाटलं त्यांच्याकडे काम असेल. तुम्ही माझ्याकडे वळलात.

"दिगंबर, तू मले इंग्रजी शिकवशीन काय?"

मला हसू आलं.

"काऊन हासतं बे? म्या तुले बाराखडी शिकवली, तवा हासलो होतो काय?"

मग तुम्ही नीट समजावून सांगितलंत. खात्याची इंग्रजीची परीक्षा होती, लेखी आणि तोंडी, बुलढाण्याला. ती पास झालेला मास्तर गावात असेल तर आपल्या शाळेत इंग्रजीचा वर्ग उघडायला बोर्ड तयार होतं. नाहीतर इंग्रजीसाठी मुलांना मलकापूर गाठावं लागे. माझे मामा मलकापूरला होते, म्हणून मी शिकलो. ज्यांचं तिथं कोणी नव्हतं ती मुलं चौथीवर थांबत. आणि परीक्षेला वयाची अट होती, पंचेचाळीस. तुम्हाला चव्वेचाळीस संपत आली होती. म्हणजे एकच खेप.

शिकवणी तुमच्या गोठ्यात, सकाळी शाळेआधी. मी बाजेवर आणि तुम्ही खाली पोत्यावर! मी उठू लागलो तर म्हणालात, "बस. शिकवनारा वर बसते."

भिंतीच्या खुंटीला पाटी टांगलेली असायची. रोज दहा शब्द. शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. मग क्रियापदांची तीन रूपं. गो, वेंट, गॉन. सी, सॉ, सीन. टीच, टॉट, टॉट. आणि एकोणीस वर्षांचा मी, पायावर पाय टाकून, अगदी तुमच्याच आवाजात ओरडायचो, "पुन्हा!" तुम्ही पुन्हा म्हणायचात. कधी कंटाळला नाहीत. आदल्या दिवशीचा अभ्यास दोन्ही हातांनी पाटी धरून माझ्यापुढं करायचात. त्या वेळी मला यात काही वाटत नव्हतं. मजा वाटत होती.

माई आतून ओरडायच्या, "सकायपासून नुसतं टॉट-टॉट लावलं! ताट वाढू काय मंग?" तुम्ही इतकं हसलात की पुढचं रूपच विसरलात.

बोलायचा सराव कोणाशी करायचा, हा प्रश्न होता. मी एक तास असणार, पुढं काय? त्यावर तुमचा तुम्हीच उपाय काढलात. शेताकडे जाताना राजाप्रधानाच्या बैलजोडीशी इंग्रजीत बोलायचं! "लोक हासतात. बैल नाई हासत." मग आवाज खाली आणून म्हणालात, "गंमत सांगू काय? 'येस' म्हटलं की प्रधान मुंडी हालवते. पन हे कोनाले सांगू नको बरं. माईलेबी नाई सांगितलं."

मी नाही सांगणार म्हणालो. तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

सुट्टी संपली, मी अमरावतीला परतलो. तिथं एका साप्ताहिकाच्या कचेरीत माझं जाणं-येणं होतं. एके दुपारी कोणाचा तरी लेख आला नाही आणि दीड रकाना मोकळा राहिला. संपादकांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत काही हसतंखेळतं देतोस का रे?" मला कोणी असं पहिल्यांदाच विचारत होतं! टेबलाशी बसलो. डोक्यात दुसरं काही नव्हतं, तुम्ही होतात.

'बैलांची इंग्रजी शाळा' असं नाव दिलं. पटका घातला, छत्री घातली, माईंचं ताट घातलं. राजा आणि प्रधान ही नावं कानाला गोड लागली म्हणून तशीच राहू दिली. गावाचं नाव घातलं, तुमचं घातलं नाही. तुमचं नाव गाळल्याबद्दल मला स्वतःचं कौतुकही वाटलं! गावात मराठी शाळा एक, मास्तर एक. नाव गाळलं म्हणजे काय गाळलं मी?

आणि पदरचं जोडलं. बैल परीक्षेत पास होतात आणि मास्तर नापास, असं. तुमचं इंग्रजी तोवर माझ्या वर्गातल्या पुष्कळांपेक्षा बरं झालं होतं, हे मी लिहिलं नाही. ते लिहून कोण हसलं असतं? शेवटची ओळ ठेवली प्रधानाच्या मान हलवण्याची. खाली सही नव्हती. संपादक खो-खो हसले. "पुढच्या शनिवारी आणखी एक आण." लेखक झालो तो असा.

तो अंक रोहिणखेडला जाणार हे मला ठाऊक नव्हतं का? वऱ्हाड-मध्यप्रांतात जिथं जिथं तो जायचा, त्यात आपलं गावही होतं. एक अंक वाण्याच्या दुकानी यायचा, आणि बाजाराच्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर त्याचं वाचन व्हायचं. ज्यांना अक्षर येत नाही ती माणसं भोवती बसायची. वाचायचं कोणी? तुम्हीच! लहानपणी मीही त्या ओट्याखाली बसून ऐकलं आहे.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की लिहिताना हे ध्यानातच आलं नाही. ते खोटं आहे, गुरुजी. ध्यानात आलं होतं. टाक दौतीत बुडवताना एकदा तो ओटा डोळ्यांपुढं आला, आणि मी पुढचं वाक्य लिहिलं.

दिवाळीला घरी आलो तेव्हा थोरल्या दादानं मला सगळं सांगितलं. त्याला ती मोठी गंमत वाटली होती.

"मास्तर वाचून राह्यले अन् लोकं पोट धरून हासून राह्यले. मंग राजाप्रधानाचं नाव आलं. सारे मास्तराकडेच पाहू लागले ना बे! मास्तर थांबले. चष्मा काढला, पुसला. म्या म्हटलं, आता देते पेपर फेकून."

"मग?"

"मंग काय? नाई फेकला. शेवटपावतर वाचला. घडी करून वाण्याले देल्ला अन् म्हणे, चांगलं लिवलं आहे. गेले घरी." मग दादानं मला विचारलं, "तू तं तिथंच राह्यतं. कोनं लिवलं असन रे?"

"कोण जाणे," मी म्हटलं.

शेवटच्या ओळीपर्यंत तुम्ही पोचलात तेव्हा काय झालं, गुरुजी? प्रधान मान हलवतो हे जगात दोघांनाच माहीत होतं. त्या ओळीशी तुम्हाला लेखकाचं नाव कळलं. तरी आवाज बदलला नाही? समोर सगळा गाव हसत असताना?

त्याच दिवाळीत तुमच्या घरी आलो. परीक्षा दसऱ्यानंतर होऊन गेली होती. तुम्ही आपणहून सांगितलंत, "नाई झालो बा पास. लेखी चांगलं गेलं. तोंडीत गडबडलो. तुह्या शिकवण्यात काई कमी नव्हती." आणि माईंनी नारळ आणि नवं उपरणं आणून दिलं. शिकवणाऱ्याचा मान! मी ते घेतलं. खांद्यावर टाकून घरी गेलो. वाकलो तेव्हा तुम्ही पाठीवर हात ठेवलात. तो हात गालावर का पडला नाही?

खरं सांगू? याबद्दल तुमच्यावर माझा थोडा राग आहे. एक शब्द बोलला असतात तर पाय धरून मोकळा झालो असतो. तुम्ही काहीच माहीत नसल्यासारखं वागलात आणि माझी वाट बंद केलीत. पाहा, याचाही दोष तुमच्याच पदरात घालतो आहे!

'तोंडीत गडबडलो' म्हणजे काय, ते मला पाच-सहा वर्षांनी कळलं. मलकापूर स्टेशनात कादर मास्तर भेटले. आपल्या गावच्या उर्दू शाळेत होते ते. तुमच्याबरोबर परीक्षेला बसले, पास झाले आणि लगेच बदलून मलकापूरला आले. दोघंही तुमच्याच गाडीतून गेला होतात, तीच बैलजोडी जुंपून.

"रोहिणखेडपासून मास्तरनं मले सोडलं नाई, भाई," ते म्हणाले. "घाट चढता चढता पूरा पास्ट टेन्स पाठ करवला. मी पास झालो ती त्याहीची मेहेरबानी."

"आणि ते स्वतः?"

"मी मांगच्या बाकावर होतो. साहेबानं कागद पाह्यला, रोहिणखेड नाव वाचलं अन् हासला. इंग्रजीत विचारलं, तुमचे बैल कसे आहेत? त्याहीचं इंग्रजी कुठवर आलं? बाजूचा साहेबबी हासला. पेपर वाचला होता ना त्याहीनं! मास्तरले सवाल बराबर समजला. चेहऱ्यावरून दिसे. पन गप. मंग साहेबानं सोपा विचारला, व्हॉट इज युवर नेम? सोताचं नाव, दिगंबरभाई! नाई सांगता आलं. उभे राह्यले, सलाम केला अन् बाहेर जाऊन बैलाजवळ उभे राह्यले."

गाडी आली. चढता चढता ते म्हणाले, "कोन होता तो लिवनारा, अल्ला जाने. नालायक!"

"नालायकच," मी म्हटलं. आणि त्यांची ट्रंक वर चढवून दिली.

त्या दिवशी मी सरळ तुमच्याकडे आलो, सांगायलाच आलो होतो. तुम्ही गोठ्यात होतात. नव्या जोडीशी मराठीत बोलत होतात. भिंतीवर नुसती खुंटी होती. "पाटी कुठं आहे?" मी विचारलं. "देल्ली कोनाले तरी," एवढंच म्हणालात. माईंनी चहा केला. मी प्यालो, कापसाच्या पिकाचं बोललो, आणि उठलो. पुढंही तीनदा असाच आलो आणि असाच उठलो. तुमच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्दही मी पुन्हा ऐकला नाही. आणि माझा लेख छापून आला की तुमचं कार्ड मात्र यायचं, "वाचला. चांगला आहे."

इंग्रजीचा वर्ग आपल्या गावात आला तो फार उशिरा, दुसऱ्या मास्तरांच्या हाताखाली. तोवर ज्यांची वयं गेली ती गेली. दादाची दोन्ही मुलं त्यातलीच. धाकटा गणितात माझ्यापेक्षा कितीतरी तल्लख होता. आज मलकापूरच्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठी ओढतो. त्या दिवशी ओट्यावर पोट धरून कोण हसलं, आणि ते कोणाच्या मुलांना भोवलं, हे दादाला अजून माहीत नाही. सांगणार कोण? माहीत असलेले दोघंच होतो. आता एकटा मी आहे.

म्हणून शांताला ते दोन शब्द पाठवत नाही. हे पत्र पाठवतो. ती म्हणते, माझ्याइतकं तुम्हाला कोणी ओळखत नव्हतं. निदान मी कोण ते तरी तिला कळू दे. आज टपालात टाकलं तर शुक्रवारपर्यंत पोचेल. रविवारी मी येतो. तिनं हे चुलीत घातलं तरी येईन, सभेत वाचून दाखवलं तरी येईन. दारातून परत जा म्हणाली तर जाईन. पण त्याआधी दादाच्या घरी जाऊन त्याला आणि त्याच्या मुलांना तोंडानं सांगेन.

आणि आणखी एक वचन. मला माझा धंदा माहीत आहे. हे छापलं तर चांगला लेख होईल. लोक डोळे पुसतील. म्हणतील, एवढा मोठा लेखक, पण चूक कशी कबूल केली पाहा! संपादक तर हातातून ओढून घेतील. म्हणजे तुमच्या जिवावर मी पुन्हा एकदा मोठा होईन. ते होणार नाही, गुरुजी. याची नक्कल ठेवलेली नाही. हा एकच कागद आहे, आणि तो शांताचा आहे.

तुमच्याच शाळेतला,
दिगंबर