ठिणगी कोरडी ठेवायची

२ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७.१०

आजपासून रोज नोंद ठेवणार. मोठ्या कामाची लेखी नोंद असावी. काम असं: माझी जुनी पेट्रोल जीप नदीच्या उतारावरून, भर पाण्यातून, पलीकडे न्यायची. पलीकडे धाकट्या बहिणीचं घर. वर्षभर आई तिच्याकडेच आहे.

काल बहिणीचा फोन आला होता. आईचं विसरणं वाढलंय. परवा जावयालाच पोस्टमन समजली आणि पत्र मागत बसली. बहीण म्हणाली, दादा, तुला अजून ओळखते, तोवर येऊन जा. येतो म्हटलं. आईलाही फोनवर सांगितलं की जीप घेऊन सरळ पाण्यातून येतो. तिने विचारलं, बुडणार नाहीस ना. फोन ठेवल्यावर काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. टायरमधली हवा बघितली.

बायको म्हणाली, पूल आहे, दर अर्ध्या तासाला बस आहे. पुलावरून काय, कोणीही जातं. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

संकल्प: रविवारी, ७ तारखेला, निघणे.

४ सप्टेंबर, गुरुवार

अभ्यास पूर्ण. पाण्यात पेट्रोल गाडी बंद पडते ती ठिणगी भिजते म्हणून. कॉइल, प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर, प्लगच्या वायरी, कुठेही पाणी शिरलं की कारभार आटोपला. म्हणजे ठिणगी कोरडी ठेवली की झालं. इतकी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात येत नाही.

उपाय व्हिडिओत सापडला. भांडी घासायचा रबरी हातमोजा डिस्ट्रिब्युटरवर चढवायचा, बोटांची टोकं कापायची आणि प्रत्येक बोटातून एक वायर बाहेर काढायची. चार वायरी प्लगच्या, एक कॉइलची. बोटं पाच, वायरी पाच. देवाने हात घडवला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर चार सिलिंडरचं इंजिन असणार.

सिंकखालचा उजवा मोजा घेतला. बायकोला तूर्त सांगायचं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

बायकोला कळलं. भांडी आता मी घासायची असं ठरलं. डाव्या मोज्याने.

७ सप्टेंबर, रविवार

निघालो नाही. मोज्याच्या फटींना लावलेलं सिलिकॉन वाळायला चोवीस तास लागतात असं ट्यूबवर स्पष्ट लिहिलंय. ते मी आज सकाळी वाचलं. घाईगर्दीच्या कामाचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे.

बहिणीला कळवलं, पुढच्या रविवारी नक्की. ती म्हणाली, आई सकाळपासून केस विंचरून तयार बसली आहे. मी म्हटलं, सिलिकॉन ओलं आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला एक बारीक भोक सापडलं. कारखान्यातल्या लोकांचा निष्काळजीपणा. ते सिलिकॉनने बुजवलं. वायरींच्या टोकांना ग्रीस लावलं. मोज्याच्या मनगटाशी क्लिप आवळली. आता आत थेंबही जाणार नाही.

ऑफिसात सगळे विचारतात, आईला भेटून आलात का. पंच्याऐंशी टक्के काम झालंय, असं सांगतो.

१० सप्टेंबर, बुधवार

अंगणात चाचणी. बॉनेट उघडून इंजिनावर बागेचा पाईप सोडला. एक मिनिट व्यवस्थित चाललं, मग बंद पडलं. नदी ओलांडायला मिनिटच लागतं. सबब उत्तीर्ण. बायकोने विचारलं, परत कसा येणार. पलीकडचं पलीकडे बघू.

१४ सप्टेंबर, रविवार

निघालो नाही. बुधवारपासून जीप सुरूच होत नाहीये. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्याने मोजा सोलून कॅप उघडली. आत सगळं दमट. म्हणाला, साहेब, हे भोक वाफ बाहेर जायला ठेवलेलं असतं. ते तुम्ही बुजवलंत, आतली ओल आतच राहिली. शिवाय चाचणीनंतर मी वायरी काढून पुन्हा लावल्या, त्यात दोन वायरींची अदलाबदल झाली होती. मोज्याच्या बोटांवर मी पेनाने नंबर टाकले होते, ते ग्रीसने पुसले गेले. ग्रीसची ही बाजू व्हिडिओत सांगत नाहीत.

मेकॅनिकने गाडी कुठे न्यायची ते विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, मी आत्ता तिकडेच चाललोय, बसा मोटरसायकलवर मागे. मी म्हटलं, तयारी चालू आहे. त्याने किक मारली आणि गेला. लोकांना पद्धतशीर कामाची सवय नसते.

संध्याकाळी आईशी बोललो. तिने विचारलं, कोण बोलतंय. मी सांगितलं. मग ओळखलं तिने, जरा वेळाने. लाईन खराब होती.

२१ सप्टेंबर, रविवार

निघालो नाही, पण आज दोष माझा नाही. जीप सुरू होते. नदीच आटली आहे. काठी घेऊन मोजलं, पाणी घोट्याच्या वर चार बोटं. माझ्यादेखत दूधवाला सायकल हातात धरून पलीकडे गेला, दुमडलेला पायजमासुद्धा भिजला नाही त्याचा. एवढी तयारी करून या पाण्यातून जाणं म्हणजे तयारीचा अपमान आहे. वरच्या धरणातून पाणी सोडतील तेव्हा जाऊ.

बहिणीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, पाणी नाही म्हणून येत नाहीस? मी म्हटलं, थोडक्यात, हो. तिने फोन ठेवला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बायको सकाळी बसने जाऊन आईला भेटून आली. जेवायच्या वेळेला घरात परत. आईने ओळखलं का, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. पाट्यावर वाटण वाटावं तसं मी घासलेलं एकच ताट ती बराच वेळ पुसत होती. मग म्हणाली, उद्या जाशील का, मी येते सोबत.

मला भीती वाटली. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मग गॅरेजमध्ये जाऊन क्लिप पुन्हा आवळली. क्लिप ढिली नव्हती.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

धरणातून पाणी सोडलं. उतारावर कमरेएवढं. परवा जायचंच. आता माघार नाही.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११

सविस्तर नोंद. नऊ वाजता निघालो. कॅपचं भोक मोकळं, वायरी क्रमाने, मोजा चढवलेला. फॅनचा बेल्ट काढून ठेवला होता, म्हणजे फॅन पाणी उडवणार नाही. तज्ज्ञ असंच करतात.

उतारावर पोचलो. पाणी बघितलं. इंजिन चालू ठेवून काठीने खोली मोजली. पुन्हा मोजली. एकूण पाच वेळा. वीस मिनिटं गेली असतील. बेल्ट नसल्यामुळे इंजिन तापलं, रेडिएटरमधून वाफ निघाली आणि जीप बंद पडली. पाण्यापासून चार हातांवर, कोरड्या जमिनीवर.

ठिणगी शेवटपर्यंत कोरडी राहिली, हे नोंदवणं आवश्यक आहे.

जीपमध्ये बसून राहिलो. मग चढ चढून रस्त्यावर आलो. बस उभी होती.

त्याच दिवशी. रात्री ८, बहिणीच्या घरी

बसला बावीस मिनिटं लागली.

आई पलंगावर बसली होती. तिने आधी माझे काळे हात बघितले, मग तोंड. बहिणीला म्हणाली, मेकॅनिक आलेत, त्यांना साबण दे. बहीण म्हणायला लागली, अगं आई, हा कोण आहे बघ तरी. मी तिला हाताने थांबवलं. का थांबवलं ते माहीत नाही. हात धुऊन आलो.

आईने मला बसायला सांगितलं. म्हणाली, माझा मुलगा गाडी घेऊन पाण्यातून येणार आहे, तुम्हाला त्यातलं कळतं, धोका नाही ना. मी म्हटलं, चांगली तयारी केली आहे त्याने. ती म्हणाली, तो लहानपणापासून असाच. भीती वाटली की काहीतरी दुरुस्त करायला घेतो. तुम्हाला भेटला तर सांगा, गाडी राहू दे, तू ये.

सांगतो म्हटलं.

मग तिने विचारलं, तुम्हाला घाई नाही ना, थांबाल का तो येईपर्यंत. घाई नव्हती. खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं त्याची वाट बघत बसलो.