कयाकला बांधलेली काठी

प्रिय खारूताई,

अक्षरावरून ओळखलंसच असशील. पावकाका कागदसुद्धा मळतात, असं लहानपणी तूच म्हणायचीस. तर खुशाली अशी की भट्टी ठणठणीत आहे, काकू माझ्यावर नेहमीसारखीच चिडलेली आहे, आणि रविवारी आम्ही तिघं नदीवर जाऊन आलो: मी, गाडी शिकवणारा मास्तर आणि तुझा बाबा. त्याला आम्ही अजून बगळाच म्हणतो. गळ टाकून इतका वेळ न हलता बसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावलं, पण त्या एकट्यापुरत्या चिंचोळ्या होडीत, कयाकमध्ये, बसला की स्वतःचं तोंड उघडेल तर शपथ.

आमचा जुना नियम तुला ठाऊक आहे. पाण्यात एकमेकांच्या गळाच्या काठीला हात लावायचा नाही. ज्याचा मासा त्याने काढायचा. निसटला तर बाकीच्यांनी पोटभर हसायचं. पण या खेपेला बगळा काठावर बूट काढत होता, तेवढ्यात मी आणि मास्तरने त्याची काठी दोरीने त्याच्या कयाकला बांधून टाकली. त्याच्या उजव्या हातातून हल्ली वस्तू निसटतात गं. कप निसटतो, किल्ली निसटते. दातांचा दवाखाना कंटाळा आला म्हणून बंद केला, असं त्याने तुला सांगितलं. ते खरं नाही. एका बाईंच्या दाढेवर काम करताना अवजार हातातून सुटलं, आणि तो तिथेच थांबला.

दुपारपर्यंत छान गेलं. मास्तरला बोटभर मासा मिळाला आणि त्याची ऐट बघवत नव्हती. मग बगळ्याच्या गळाला मोठं काहीतरी लागलं. काठी वाकली, त्याने रीळ फिरवायला घेतलं आणि त्याची बोटं उघडली. एरवी काठी गेली असती, दोन दिवस हळहळला असता, संपलं असतं. पण आम्ही शहाण्यांनी ती बांधलेली! मासा काठीला ओढतोय, काठी कयाकला, आणि कयाक आडवी होऊन कलायला लागली. त्याला धरताही येईना, सोडताही येईना. मास्तर ओरडत सुटला, जणू शिकाऊ पोराला ब्रेक दाबायला सांगतोय. मी वल्ह्याच्या अंतरावर होतो आणि नुसता बघत राहिलो. नियम आडवा आला की भीती, मला कळलं नाही. त्याने जाकिटाला अडकवलेली कात्री काढली, तीही पाण्यात पडली. मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, "काप." इतक्या वर्षांत त्याने आमच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी माझ्या कात्रीने त्याच्या गळाचा दोरा कापला. मासा गेला. कुणीच हसलं नाही.

काठावर त्याला दोघांनी धरून बाहेर काढलं. काठी कुणी बांधली, असं त्याने विचारल्यावर मी सरळ मास्तरवर ढकललं. तर बगळा म्हणतो कसा, "इतकी गच्च गाठ पीठ मळणाराच मारतो." मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही लपवायला मी उगाच कयाक पुसत बसलो.

परतताना गाडीत त्याने सगळं सांगितलं. हात ही सुरुवात आहे. मग पाय, मग जीभ. डॉक्टरांच्या अंदाजाने पुढच्या वर्षी या दिवसांत त्याचं बोलणं आपल्याला कळेनासं झालेलं असेल. औषध नाही. मी भट्टीवाला, मास्तर गाडीवाला, आम्ही काय करणार? त्याला घरी सोडतो, बटणं लावून देतो, आणि बाहेर येऊन एकमेकांची तोंडं बघतो. तुला सांगायचं नाही, असं त्याने आमच्याकडून वचन घेतलंय. तिचं नवं काम नीट बसू दे, पुढच्या वर्षी ती येणारच आहे, हेच धरून बसलाय. मी ते वचन मोडतोय. पुढच्या वर्षी नको, पोरी, आत्ता ये. न कळवता आलीस म्हणून तो तुझ्यावर खूप रागावेल, सांगितलं म्हणून माझ्यावर त्याहून जास्त. त्याला रागावता येतंय तोवर ये.

तुझाच,
पावकाका