‘बाहेरगाव’ नावाचा कप्पा

३ डिसेंबर, बुधवार
सकाळपासून सिस्टर बेनेडिक्टा आठवताहेत. दुपारी तीनचं टपाल आलं की ऑफिसातल्या लांब बाकावर आम्ही दोघी बसायचो. मध्ये उकडलेल्या शेंगांची परात. मी पाकिटांवरची नावं मोठ्याने वाचायची, सिस्टर लाकडी खणांत पाकिटं टाकायच्या. टरफलं झग्याच्या खिशात भरायच्या, केर नको म्हणून. तेव्हा मी तेवीस वर्षांची. हॉस्पिटलात नवी.

आता टपाल नाही. तपासणीचे रिपोर्ट पुण्याच्या लॅबकडून ईमेलने येतात. जूनमध्ये शेखसाहेबांनी मेल सर्व्हर बसवला तेव्हा त्यातले कप्पे मी आखून दिले. नगर, पारनेर, कर्जत, राहाता. विषयात जे गाव, त्या कप्प्यात रिपोर्ट आपोआप. केवढा अभिमान वाटला होता.

आज एक रिपोर्ट सापडेना. सर्व्हरवरची पूर्ण यादी उघडून शोधताना पाचवा कप्पा दिसला, ‘बाहेरगाव’. यादीत नसलेल्या गावांसाठी मीच केलेला. आत सात पत्रं, एकही उघडलेलं नाही. सहा वाचली, काळजीचं काही नाही. मग सातवं.

मंदाबाई, वय अडतीस. डाव्या छातीतली गाठ. कॅन्सर आहे. रिपोर्ट ऑक्टोबरात आलाय.

कोणालाच सांगितलं नाही आज.

४ डिसेंबर, गुरुवार
शेखसाहेबांना बोलावलं. ते सर्व्हर बघतात, माझ्याच वयाचे, बोलायला सरळ.
“कप्पा सर्व्हरवर हाय मॅडम. पण प्रत्येकाच्या यादीत टिक करावी लागते. ती तुम्ही केली नाही. मग कोणाला दिसणार?”
बाकीच्या चार कप्प्यांना टिक मीच केली होती. पाचवा मागाहून केला आणि…
वर साठ दिवसांनी तो कप्पा आपोआप रिकामा होतो. पसारा नको म्हणून तो नियमही मीच मागितला होता. आणखी काही दिवस गेले असते तर कागदच उरला नसता.
जाताना हळूच म्हणाले, “सर्व्हर बिघडला होता म्हणून सांगा. कोण बघतंय?”
मी नाही म्हटलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

दुपारी केसपेपर काढला. मंदाबाई लगेच आठवल्या. दिवाळीच्या आधी माझ्या काउंटरवर आल्या होत्या. पाथर्डीकडच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या. मी विचारलं, गाव कोणतं?
“कोनतं सांगू? दिवाळीच्या आदलं का दिवाळीनंतरचं?”
रांगेतल्या बायका हसल्या, मीही हसले. आणि पाथर्डी माझ्या चार कप्प्यांत नव्हतं, म्हणून फॉर्मवर ‘बाहेरगाव’ लिहून मोकळी झाले.
“रिपोट न्यायला परत यावं लागन का वो बाई? मुकादम सोडत न्हाई.”
यायला नको, म्हटलं. काही असलं तर आम्ही फोन करू. फोन आला नाही तर सगळं ठीक समजा.
त्यांनी हात जोडले होते.
म्हणजे गेले सहा आठवडे त्या ठीक समजून ऊस तोडताहेत.

५ डिसेंबर, शुक्रवार
मंदाबाईंना तपासणाऱ्या डॉ. साळवेंना सांगितलं. सगळं. टिक, साठ दिवस, मी दिलेला निरोप. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला.
“शीलाताई, आधी ही बाई शोधा. रागवायला मला नंतर वेळ आहे.”
रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
पेपरवर मुकादमाचा नंबर आहे. दिवसभर बंद.
शाळेत असताना घाबरले की जपमाळ बोटांत धरून मोजायचे. आज पहिल्या दहातच चुकले.

६ डिसेंबर, शनिवार
मुकादम लागला. मागे ट्रॅक्टरचा आवाज.
“मंदा व्हय? त्यो कोयता हितून कवाच गेला.”
नवराबायकोच्या जोडीला ते कोयता म्हणतात. नवऱ्याशी याचं भांडण झालं, दोघं तिच्या बहिणीच्या टोळीत गेले. सांगलीकडं. कारखाना कोणता?
“मला काय म्हाईत. पन एवढं काय झालंय तिला?”
त्याला कसं सांगू? म्हटलं, एक कागद द्यायचा राहिलाय.
“कागदासाटी एवढी धडपड? लई काळजी हाय बाई तुमाला पेशंटची.”
त्याने हसून फोन ठेवला.

८ डिसेंबर, सोमवार
काल प्रार्थनेत लक्ष नव्हतं.
आज मंदाबाईंच्या गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंकडून बहिणीचा नंबर मिळाला. बहीण सुमन. अकरा वेळा लावला. बाराव्यांदा एका म्हातारीने उचलला.
“समदी फडात गेल्यात.”
मंदापण?
“तीबी. हात दुखतोय म्हनती सकाळधरनं, पर गेली. मोळ्या कोन बांधनार?”
कोणता हात, विचारेपर्यंत फोन कट. नंतर लागलाच नाही. कारखान्याचं नाव तेवढं आधी विचारून घेतलं होतं.
हात कामानेही दुखतो. सगळ्यांचेच दुखतात. डॉ. साळवेही तेच म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता.

९ डिसेंबर, मंगळवार
हॉस्पिटलची जीप उद्या सकाळी सांगलीकडे जाणार. मी जाते म्हटलं. कोणी नको म्हणालं नाही. बहिणीच्या टोळीनेही तळ हलवला असला तर? आणि भेटल्या तर उसाच्या फडात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं? दिवसभर मनात जुळवतेय. एकही धड नाही.

शेखसाहेबांकडून साठ दिवसांचा नियम काढून घेतला. आता कोणताही रिपोर्ट परस्पर कप्प्यात जाणार नाही. आधी डॉक्टरांनी वाचायचा, मग हलवायचा.

काउंटरला उद्यापासून पुष्पा बसेल. तिच्यासाठी इथेच लिहून घेते, मग चिठ्ठीवर उतरवीन.

पुष्पा, नवे रिपोर्ट छापून डॉ. साळवेंच्या हातात दे. टेबलावर ठेवून येऊ नकोस. पासवर्डचं पाकीट शेखसाहेबांना. वरच्या खणात माझ्या सहीचा कागद आहे, काय चुकलं आणि कोणाकडून, ते त्यात आहे. तो अधीक्षकांना दे. सर्व्हर बिघडला होता असं कोणी म्हणालं तर नाही म्हण.

मुकादमाचा फोन आला तर त्याला माझा नंबर दे, बाकी काही नाही. नवऱ्याचा आला तर मंदाबाईंना फोनवर बोलावून घे. रिपोर्ट त्यांचा आहे, आधी त्यांना कळू दे. सुमनच्या फोनवरून आला तर डॉ. साळवे पेशंट बघत असल्या तरी आत नेऊन दे. रिपोर्टची एक प्रत माझ्याजवळ आहे. दुसरी आशाताईंना, बंद पाकिटात. आमची वाटेत चुकामूक झाली आणि मंदाबाई गावी परतल्या तर त्या देतील.

शुक्रवारची सकाळची पहिली वेळ डॉ. साळवेंनी मंदाबाईंसाठी ठेवली आहे. कोणी कितीही ओळख सांगू दे, ती दुसऱ्या कोणाला देऊ नकोस.